हौस, हौदा आणि हिशेब



चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनस किंवा कामगार संहिता असे काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सांगितले, मला अमेरिकेतील एका खरेदीविषयी बोलावयाचे आहे. नवी स्पोर्ट्‌स कार घ्यावी, की तेवढ्याच किमतीचा पिकअप ट्रक घ्यावा? त्यांनी मान डोलावली खरी. परंतु युनियनच्या माणसाला ही चैन कोठून सुचली, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी तासाभरात देईन. मी शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे मला एक सवय जडली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की तिची किंमत कोणी ठरविली, हे मी आधी विचारतो.

मिशिगन राज्यातला एक कामगार डोळ्यांसमोर आणा. नोकरी कायम, पगार बरा. तीस-पस्तीस हजार डॉलरांची गाडी घेण्याइतकी त्याची पत आहे. पैसा आहे असे मी म्हणत नाही, पत आहे असे म्हणतो. तो विक्रेत्याच्या आवारात शिरतो. एका हाताला स्पोर्ट्‌स कार आहे : बुटकी, जमिनीलगत बसलेली, दोन माणसांची, फार तर मागे दोन मुले कोंबता येतील अशी. दुसऱ्या हाताला पिकअप ट्रक. आपण ज्याला सरसकट टेम्पो म्हणतो त्याचा हा तिकडचा थोरला भाऊ. पुढे बसण्याची खोली, मागे उघडा हौदा, हौद्याला फाळका. आणि दोहोंच्या काचांवर चिकटविलेले किमतीचे कागद जवळजवळ सारखेच. 2024 च्या नमुन्यांचे मूळ भाव सांगतो. माझ्दा कंपनीची मियाटा ही दोन आसनी गाडी सुमारे 29 हजार डॉलर. फोर्डची मस्टँग सुमारे 31 हजार. टोयोटाचा टॅकोमा हा मध्यम पिकअप साडेएकतीस हजारांच्या आसपास. फोर्डचा एफ-150 हा मोठा पिकअप अगदी साध्या रूपात साडेछत्तीस हजारांपासून पुढे. म्हणजे जो पैसा पोरकट हौसेला लागतो, तोच पैसा कर्त्या माणसाच्या ट्रकला लागतो. शेजारी, सासरा, कारखान्यातील मित्र असे सगळे एकमुखाने त्याला सांगतात की, बाबा, ट्रक घे, उपयोगी पडेल.

हा सल्ला मला तपासावयाचा आहे.

आधी या दोन गाड्यांची कुळी सांगतो. पिकअप वयाने मोठा. शेतकरी आणि सुतार लोक मोटारीचा मागचा भाग कापून तेथे लाकडी खोका बसवीत असत. ते पाहून 1925 साली फोर्डने आपल्या मॉडेल टी गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती 281 डॉलरांना विकावयास काढली. तो निखळ कामाचा प्राणी होता. मस्टँग जन्मली 17 एप्रिल 1964 रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. किंमत 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. यातली मेख अशी की मस्टँग ही मूळची श्रीमंताची गाडी नव्हे. फाल्कन नावाच्या साध्या घरगुती मोटारीचे सुटे भाग घेऊन तिच्यावर देखणे अंग चढविले होते. कारकून, शिक्षिका, तरुण कामगार यांना परवडेल अशी ती हौस होती.

डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न येथे रूज नदीच्या काठी फोर्डचा प्रचंड कारखाना आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याचे नाव रक्ताने लिहिले आहे. 26 मे 1937 रोजी तेथल्या पुलावर वॉल्टर रूथर आणि त्यांचे सहकारी पत्रके वाटावयास गेले असता कंपनीच्या गुंडांनी त्यांना बेदम मारले. पुढे 1941 साली त्याच कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. याच आवारात 1964 पासून मस्टँगची जुळणी होत होती. 2004 साली तो जुना जुळणी कारखाना बंद झाला, मस्टँग फ्लॅट रॉक या गावी गेली, आणि रूजच्या आवारात नवा कारखाना उभा राहिला तो एफ-150 ट्रकचा. 2018 साली तर फोर्डने जाहीरच केले की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून बाकीच्या बैठ्या मोटारी आपण टप्प्याटप्प्याने बंद करणार. ज्या कंपनीने जगाला मोटारीत बसविले, तिच्याच घरी आज मोटार म्हणावी अशी एक मस्टँग तेवढी उरली आहे. बाकी सारे ट्रक आणि ट्रकाच्या जातीचे.

आता घरचा हिशेब मांडू. छत्तीस हजार डॉलर कर्ज, सात टक्के व्याज, बहात्तर हप्ते असे धरा. तिकडे सहा वर्षांचे कर्ज ही आता नित्याची गोष्ट आहे, सात वर्षांचेही मिळते. महिन्याचा हप्ता येतो सुमारे 614 डॉलर. सहा वर्षांत हातातून गेले 44,200. त्यांतले आठ हजारांवर नुसते व्याज. तीस हजारांच्या स्पोर्ट्‌स कारला हाच हिशेब लावला तर हप्ता 511 आणि व्याज सहा हजार आठशे. पेट्रोलचे पाहा. मियाटा गॅलनला सरासरी 29 मैल जाते, मोठा पेट्रोल पिकअप 20 च्या आसपास. वर्षाला बारा हजार मैल धरले तर एकीला 414 गॅलन, दुसऱ्याला 600. गॅलनला साडेतीन डॉलर पडले तर वर्षाचा फरक साडेसहाशे डॉलर. टायर, ब्रेक, सारे ट्रकला मोठे आणि महाग. उलट तरुण मालकाला स्पोर्ट्‌स कारचा विमा जड जातो आणि जुनी विकताना ट्रकला भाव चांगला येतो. हे सगळे एकमेकांत वजा केले तरी एक गोष्ट राहतेच. हौद्याचा उपयोग होत नसेल, तर ट्रकचा मालक दर महिन्याला एका रिकाम्या खोलीचे भाडे भरत असतो.

आणि उपयोग होतो किती? 2019 साली एका बाजार-पाहणी संस्थेने पिकअप मालकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रसिद्ध झाली. शेकडा 75 मालक ट्रकला मागे काही जोडून ओढण्याचे काम वर्षातून एकदा करीत होते किंवा मुळीच नाही. कच्च्या, आडवाटेच्या रस्त्यावर वर्षातून एकदाही न जाणारे किंवा जेमतेम एकदा जाणारे शेकडा सत्तरच्या जवळपास. आणि शेकडा 35 जणांनी हौद्यात माल टाकण्याचे कामसुद्धा वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा केले. बाकीचे पासष्ट टाकतात, हे मी नाकारीत नाही. परंतु गाडीचा देहच साक्ष देतो. पूर्वी पिकअपला एक बाक आणि आठ फुटी हौदा असे. आता जो चौदारी एफ-150 घरोघर दिसतो त्याचा हौदा बहुधा साडेपाच फुटांचा असतो. माणसांची खोली वाढली, हौदा आखडला. आठ फुटी प्लायवूडचा तक्ता त्यात सरळ मावत नाही, फाळका उघडा टाकावा लागतो.

तेव्हा आमच्या मित्राला मी असे म्हणेन. तू सुतार असशील, नळकाम करीत असशील, घोडे किंवा होडी ओढीत असशील, तर दुसरा विचार करू नकोस. हजार-दीड हजार पौंड माल रोज वाहणारा ट्रक हे हत्यार आहे, आणि हत्यार घेताना कामगाराने कधी कंजूषपणा करू नये. पण तू पाळीवर जाणार, घरी येणार, रविवारी बाजार करणार, एवढेच असेल तर तुझ्यापुढे दोन चैनीच्या वस्तू उभ्या आहेत. त्यांतली एक 'मी चैन आहे' असे उघड सांगते. दुसरीने कामाचे कपडे चढविले आहेत. मला पहिली अधिक प्रामाणिक वाटते. मियाटाचे वजन एक टनाहून थोडेसेच अधिक, पिकअपचे दोन टनांच्या घरात किंवा त्याच्या वर. चैनच करावयाची तर एक टन लोखंडात होते, दोन टन कशाला?

मात्र त्या दोन गाड्यांच्या काचेवर सारखी किंमत आली कशी, याची गोष्ट या हिशेबापेक्षा मोठी आहे, आणि ती कोंबडीपासून सुरू होते. हसू नका, खरेच कोंबडीपासून.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्यांची पैदास कारखान्याच्या पद्धतीने होऊ लागली, कोंबडी स्वस्त झाली आणि जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतले कोंबडीवाले ओरडू लागले. 1962 साली युरोपच्या सामायिक बाजाराने अमेरिकन कोंबडीवर जबर जकात बसविली. अमेरिकेने वर्षभर वाटाघाटी केल्या, त्या फिसकटल्या. मग डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी उलट जकात जाहीर केली आणि जानेवारी 1964 पासून ती लागू झाली. चार वस्तूंवर ती होती : बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. दर शेकडा 25. ट्रक त्या यादीत आला तो जर्मनीची फोक्सवॅगन कंपनी आपल्या छोट्या मालवाहू गाड्या अमेरिकेत पाठवीत होती म्हणून. कालांतराने स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी सुटल्या. ट्रक राहिला. कोंबडीचे भांडण विझून लोक ते विसरूनही गेले, पण परदेशी प्रवासी मोटारीवर अडीच टक्के आणि परदेशी हलक्या ट्रकवर पंचवीस टक्के अशी ही दुपेडी जकात साठ वर्षे टिकली. 2025 साली सर्वच परदेशी गाड्यांवर नव्या करांची भर पडली, तो स्वतंत्र विषय आहे.

जकातीची भिंत उभी राहिली की तिला भोके पाडणारे निघतातच. जपानी कंपन्या केबिन आणि सांगाडा आणीत आणि हौदा अमेरिकेत बसवीत. हौद्याविना ट्रक म्हणजे ट्रक नव्हे, म्हणून जकात चारच टक्के. 1980 साली ही वाट बंद झाली. सुबारू कंपनीने तर कमालच केली. ब्रॅट नावाच्या तिच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात पाठीमागे तोंड केलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या. का? खुर्ची आली म्हणजे ती प्रवासी मोटार झाली! वाऱ्यापावसात त्या खुर्च्यांवर कोण बसत असेल ते बसो, कर मात्र वाचला. आणि शेवटचा अंक पाहा. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनविलेल्या आपल्या छोट्या मालवाहू गाड्या 2009 पासून मागची आसने आणि खिडक्यांच्या काचा बसवून अमेरिकेत आणू लागली. बाल्टिमोर बंदरात उतरवून जकात चुकती केली की ती आसने उपटून काढावयाची, त्यांचा भुगा करावयाचा, आणि गाडी मालवाहू म्हणून विकावयाची. कोणीतरी कामगाराने ती आसने शिवली असतील, दुसऱ्याने बसविली असतील. ती कोणाचेही बूड टेकण्यापूर्वी यंत्रात गेली. जकात खात्याने 2013 साली हे धरले, खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला, आणि मार्च 2024 मध्ये फोर्डने 36 कोटी 50 लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. ज्या भिंतीच्या आड फोर्डचा ट्रक वाढला तिच्यावरच फोर्डचे डोके आपटले.

त्या भिंतीला आमच्या लोकांचाही खांदा लागलेला आहे, हे मी लपविणार नाही. वॉल्टर रूथर यांचे नाव मी मघाशी आदराने घेतले, पुन्हा घेतो. ते मोटार कामगारांच्या संघटनेचे तेव्हा अध्यक्ष होते, आणि फोक्सवॅगनच्या आयातीविषयी त्यांची तक्रार जॉन्सन यांच्या कानी होती. संघटनेने आपल्या सभासदांच्या नोकऱ्या राखावयाच्या नाहीत तर कोणाच्या? त्या खुर्चीवर मी असतो तरी हेच केले असते. परंतु भिंत बांधताना तिच्या आत कोण कोण वाढेल, हे बांधणाऱ्याला ठाऊक नसते.

आत वाढला तो मोठा ट्रक. परदेशी स्पर्धक नाही म्हणजे नफा जाड. पुढे कायद्यांनी हातभार लावला. 1975 साली पेट्रोल वाचविण्याचा कायदा झाला, त्यात मोटारीला कडक माप आणि ट्रकला सैल माप. शेतकऱ्याची आणि सुताराची गाडी म्हणून सवलत. 1978 साली पेट्रोलखाऊ गाड्यांवर कर आला; तो मोटारीवरच. त्याची रक्कम एक हजारापासून सात हजार सातशे डॉलरांपर्यंत जाते. ट्रक कितीही प्याला तरी त्याला एक सेंट लागत नाही. फोर्डचे पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन घ्या. मस्टँगमध्येही ते बसते आणि एफ-150 मध्येही बसते, कॅनडातील विंडसरच्या एकाच कारखान्यात तयार होते. एका अंगात गेले की ते प्रवासी मोटारीच्या मापाने मोजले जाते, दुसऱ्या अंगात गेले की ट्रकच्या. धंदेवाल्याला आणखी एक देणगी आहे. सहा हजार पौंडांहून अधिक एकूण भाराची गाडी धंद्यासाठी घेतली तर प्राप्तिकरात तिची किंमत भराभर वजा टाकता येते. हलक्या मोटारीला मर्यादा. वकील, डॉक्टर, घरांचे दलाल हे अचानक ट्रकप्रेमी का झाले, याचे उत्तर त्यांच्या हिशेबनिसाला विचारावे.

नंतर तर मापच गाडीच्या आकाराला बांधले. चारी चाकांच्या मधली जागा जेवढी मोठी, तेवढी पेट्रोलची अट सैल. 2025 साली या कायद्याचा दंडच शून्यावर आणला, म्हणून आता त्याला दातही उरले नाहीत. परंतु जेव्हा दात होते तेव्हा ते छोट्या गाडीलाच चावत होते. रेंजर हा फोर्डचा छोटा, स्वस्त पिकअप. रंगाऱ्याला, बागवानाला पुरेसा. तो मिनेसोटात सेंट पॉल येथे तयार होई. 1925 सालापासून तेथे फोर्डचा कारखाना होता. डिसेंबर 2011 मध्ये तो बंद झाला आणि छोटा रेंजर अमेरिकेच्या बाजारातून गेला. 2019 साली रेंजर हे नाव परत आले, पण आता तो थोराड होऊन आला होता. गिऱ्हाईक नव्हते म्हणून छोटा ट्रक गेला, असे सांगणाऱ्यांना उत्तर 2021 साली मिळाले. फोर्डने मॅव्हरिक नावाचा छोटा पिकअप 19,995 डॉलरांना काढला, आणि मागण्या एवढ्या आल्या की काही महिन्यांत कंपनीला नव्या मागण्या घेणे थांबवावे लागले. तो बनतो कोठे? मेक्सिकोत, एर्मोसियो येथे. सेंट पॉलच्या कामगारांनी हे वर्तमानपत्रात वाचले असेल.

म्हणजे आमचा मित्र विक्रेत्याच्या आवारात उभा राहतो तेव्हा त्याची निवड अर्धीअधिक होऊन गेलेली असते. स्वस्त छोटा ट्रक तेथे दुर्मिळ, साधी बैठी मोटार फोर्डकडे नाहीच. एका टोकाला हौस, दुसऱ्या टोकाला हत्तीएवढा ट्रक, आणि हप्ता जुळवून देणारा सावकार मध्ये. अमेरिकेत मोटारकर्जाची एकूण थकबाकी आज 1.6 लाख कोटी डॉलरांच्या वर आहे. 2025 च्या कायद्याने 2028 पर्यंत नव्या गाडीच्या कर्जाचे व्याज करातून वजा करण्याची सवलत दिली आहे, पण जुळणी अमेरिकेत झालेली असेल तरच. म्हणजे मस्टँग आणि एफ-150 पात्र, हिरोशिमाची मियाटा अपात्र. सवलतसुद्धा कर्ज काढणाऱ्याला आहे. जुनी गाडी रोख पैशांत घेणाऱ्या शहाण्याला नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. ट्रकवर एवढी टीका केली, तर डेट्रॉइटचा कामगार मला विचारील की, काका, आमच्या पगाराचे काय? प्रश्न बरोबर आहे. 15 सप्टेंबर 2023 रोजी तेथल्या संघटनेने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. सर्व कारखाने एकदम बंद केले नाहीत. अध्यक्ष शॉन फेन आठवड्यागणिक नवा कारखाना जाहीर करीत, आणि तेथले लोक उठून बाहेर पडत. पहिल्याच दिवशी फोर्डचा जो कारखाना निवडला तो रेंजर पिकअपचा. 11 ऑक्टोबरला केंटकीतला मोठ्या ट्रकांचा कारखाना उठला, 8,700 कामगार. फोर्डच्याच सांगण्याप्रमाणे त्या एका कारखान्याची वर्षाची उलाढाल अडीच हजार कोटी डॉलरांची. पुढे स्टेलँटिसचा रॅम ट्रकचा कारखाना. केंटकी उठल्यावर दोन आठवड्यांत, 25 ऑक्टोबरला, फोर्डशी तडजोड झाली : साडेचार वर्षांत शेकडा 25 पगारवाढ. फोर्डचे तीन जुळणी कारखाने या संपात बंद पडले. मस्टँगचा फ्लॅट रॉक त्यांत नव्हता. कोठे बोट ठेवले की मालकाला कळ येते, हे संघटनेला पक्के ठाऊक होते. ट्रकचा जाड नफा नसता तर ही पगारवाढ एवढ्या लवकर मिळाली असती काय? मला शंका आहे. आणि वाढलेला पगार खिशात घालून तो कामगार पुन्हा त्याच आवारात जातो आणि साठ हजारांचा ट्रक बहात्तर हप्त्यांनी घेतो, तेव्हा वाढीतला मोठा हिस्सा ज्या दाराने आला त्याच दाराने परत जातो. संघटना पगार मिळवून देते. तो कोठे ओतावा याबद्दल आम्ही संघटनावाले फार कमी बोललो आहोत. तिकडेही, आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातही.

एक शब्द पायी चालणाऱ्यांविषयी. अमेरिकेत 2009 साली वाहनांखाली सापडून मेलेले पादचारी 4,100 च्या आसपास होते, 2022 साली साडेसात हजार. याला कारणे अनेक आहेत, सगळे ट्रकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु तेथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2023 साली अभ्यास करून दाखविले की ज्या गाडीच्या तोंडाची उंची चाळीस इंचांहून अधिक, तिच्या धडकेत पादचारी मरण्याचा संभव बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्के अधिक. चाळीस इंच म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचे डोके. ही किंमत काचेवरच्या कागदावर छापलेली नसते, कारण ती मालकाने भरावयाची नसते.

आपल्याकडे या दोन गाड्या शेजारी उभ्या राहतच नाहीत. 2016 साली मस्टँग हिंदुस्थानात आली तेव्हा तिची किंमत दिल्लीत 65 लाख रुपये होती. त्या वेळी महिंद्राचा बोलेरो पिकअप सहा-सात लाखांत मिळत होता. डेट्रॉइटमध्ये एकाला एक, येथे एकाला दहा. लोखंड तेच, रबर तेच. आपली जकात वेगळ्या जागी बसली आहे, एवढाच फरक. आणि आपल्याकडे अजून मालगाडीला हौसेचा वास लागलेला नाही. 2005 साली टाटांनी पुण्यात एस नावाची छोटी मालगाडी काढली, दोन सिलिंडरचे इंजिन, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिचे नाव ठेवले छोटा हत्ती. मार्केट यार्डाबाहेर पहाटे चार वाजता तिचा मालक हौद्यात कोबीच्या गोणी रचीत असतो. शेजाऱ्याला दाखविण्यासाठी छोटा हत्ती घेतलेला एकही माणूस मी पाहिला नाही. अलीकडे मात्र चार दारांचे, चकचकीत, वीस-तीस लाखांचे पिकअप आपल्या शहरांतही दिसू लागले आहेत. त्यांच्या हौद्यावर झाकण असते, आणि झाकणाखाली बहुधा काही नसते. त्यांच्यामागे रस्त्यात अडकलेला छोटा हत्तीवाला हॉर्न वाजवून दमतो.

मग कामगाराने हौस करूच नये काय? तसे मी मुळीच म्हणणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि 10 जून 1890 रोजी ती मिळविली. ती केवळ पाठ टेकण्यासाठी नव्हती. माणसाला आपला म्हणून एक दिवस हवा, त्यात त्याने काय करावे हे मालकाने विचारू नये, हा त्या मागणीचा गाभा होता. फ्लॅट रॉकमधला एखादा जोडारी पाच दिवस दुसऱ्याची मस्टँग बांधतो आणि सहाव्या दिवशी स्वतःच्या मस्टँगचे टप उघडून बायकोला तळ्याकाठी फिरवून आणतो, यात मला काही गैर दिसत नाही. मालकवर्गाची हौस आपण कधी मोजीत नाही, कामगाराचीच का मोजावी? मी मोजतो तो हप्ता. मला कोणी विचारलेच, तर मी सांगेन की छत्तिसापेक्षा अधिक हप्ते लागत असतील ती गाडी, मग ती बुटकी असो वा उंच, अजून आपली नाही. पाच वर्षे वापरलेली मियाटा घ्यावी. आणि घरदुरुस्तीसाठी वर्षातून दोनदा ट्रक लागतो? तो तिकडे तासांवर भाड्याने मिळतो. आपल्याकडेही नाक्यावर उभा असतो. भाव ठरवून घ्या, आणि माल उतरवावयास हातभार लावा, तो चार पैसे कमी घेईल.

चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत.  प्रश्न असतील त्यांनी जरूर विचारावेत, कोंबडीविषयीही चालेल.